कॅमेऱ्याकडे पाठ

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. तुम्ही नऊ वर्षांचे आहात. सकाळचे पावणेसहा वाजलेत. स्वयंपाकघरातल्या बुटक्या स्टुलावर बसून तुम्ही राळ्याची पेज फुंकत फुंकत पिताय, आणि समोर, शेगडी आणि फ्रिज यांच्यामधल्या चार फरशांच्या जागेत तुमची आजी हात पसरून उभी आहे. व्हिनेगरच्या बाटलीला टेकवलेल्या फोनकडे ती अशी बघतेय, जणू आतला माणूस तिचं काहीतरी उचलून पळणार आहे.

"थांबव," आजी म्हणाली.

वेइवेइनं करंगळीनं पडद्यावर टिचकी मारली. वेइवेइ म्हणजे आत्तापुरते तुम्हीच. पांढऱ्या रेशमी कपड्यांतला म्हातारा जागच्या जागी थांबला.

"मागे घे. अजून. अजून थोडं. हां! आता बघ. इथे तो वळतो. केली की नाही आपल्याकडे पाठ? हात दिसतात का आता त्याचे?"

"नाही."

"पाय?"

"विजार केवढी ढगळ आहे, आजी. कसे दिसतील?"

"आणि परत तोंड फिरवलं तेव्हा बघ! एका पायावर उभा, दुसऱ्याची टाच हवेत. मधे काय केलं त्यानं? तेवढंच नेमकं दाखवत नाही. लबाड आहे."

"वळला फक्त."

"अठ्ठावीस वर्षं कापड तपासलंय मी. दोष कुठे असतो ठाऊक आहे? घडीत! बरोबर घडीत दडवून पाठवायचे. पेज संपव."

आजीचं नाव हाओ रुइशिया. हांदानच्या एका गिरणीत ती कापड तपासायला होती. तिरक्या काचेखाली दिवा, काचेवरून सरकणारं कापड, आणि समोर दिवसभर उभी हाओ रुइशिया, हातात खडू. तुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग, काही तिच्या नजरेतून सुटत नसे. गिरणी बंद झाली, खडू गेला, नजर राहिली. बाजारातून आणलेली भाजी ती घरच्या काट्यावर पुन्हा तोलायची. गॅसचं मीटर बघायला येणाऱ्याला ओळखपत्र दाखवायला लावायची, आणि दाखवलं की फोटोशी चेहरा ताडून म्हणायची, "कान वेगळे दिसतात." आमच्या कॉलनीत तिला कुणी वाईट म्हणत नसे, पण तिच्या दाराची घंटा वाजवण्याआधी सगळे आपापल्या शर्टाची बटणं नीट लावून घेत.

नवरा गेल्याला सहा वर्षं झाली होती. मुलगा योंगछांग आणि सून दक्षिणेत कारखान्यात, आगगाडीनं एक दिवस आणि एक रात्र लांब. वेइवेइ आजीपाशी वाढत होती आणि दोघींचं छान चाललं होतं. मग कंदिलांचा सण झाल्यावर, बर्फ वितळून जिने ओले असताना, कोबी घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढताना आजीचा डावा पाय घसरला. ती आठ पायऱ्या खाली आली. कोबी तर तळमजल्यापर्यंत गेला.

योंगछांगनं फोनवरून सगळं ऐकून घेतलं. रागावला नाही, तेच वाईट होतं. तो म्हणाला, "आई, आता पुन्हा पडलीस तर वेइवेइला निवासी शाळेत घालणार. तिथे जेवण आहे, झोपायला खाट आहे, बघायला माणसं आहेत. तुझ्यावर किती भार टाकायचा?"

"मी भार म्हणाले का कधी?"

"तू म्हणणार नाहीस. म्हणून मी म्हणतो. ड्रॅगन नौकांच्या सणाला येतोय. तेव्हा ठरवू."

तेव्हापासून रोज व्हिडिओ कॉलवर त्याचा एकच ठेका. "आई, कॅमेरा खाली कर. पाय बघू दे. चालून दाखव." कापड तपासणाऱ्या बाईच्या पोटी तपासणारा मुलगाच जन्मणार.

पुन्हा पडू नये म्हणून आजीला तोल सांभाळायचा तो संथ हालचालींचा व्यायाम शिकायचा होता. शिकवायला नदीकाठच्या बागेत तेंग मास्तर होते. पण हाओ रुइशियाला बागेतल्या मास्तरांचा भरवसा नव्हता. "आधी हात हलवायला शिकवतात, मग रेशमी कपडे विकतात, मग औषधी दारू." म्हणून तिनं फोनमधला म्हातारा धरला. त्याला लाखो लोक बघत. तिचं म्हणणं, इतकी माणसं बघतात म्हटल्यावर तो फार खोटं करू शकणार नाही. आणि तरीही त्या वळण्यापाशी रोज त्याचा तिला संशय येई. जुनी म्हणच आहे ना आमच्याकडे, शिष्य शिकला की गुरू उपाशी. म्हणून गुरू एक हात राखून ठेवतो. ह्यानं तो पाठीमागे राखला होता, एवढंच.

एप्रिलमध्ये एका सकाळी आजीनं त्या घडीत काय असेल ते स्वतःच ठरवलं. उजवी टाच फिरवायची, उडी मारल्यासारखं वळायचं, आणि पाय झटकायचा. वेइवेइ पेज पीत होती. आजी फिरली, फ्रिजचं दार धरायला गेली, दार उघडलं, आणि दाराबरोबर फिरत आजी डाव्या कुशीवर खाली आली. फोनमधला म्हातारा शांतपणे पुढची हालचाल करत राहिला.

वेइवेइनं तिला काखेत धरून उठवलं. आजीनं आधी मनगट हलवून बघितलं, मग गुडघा.

"काही नाही झालं. बाबांना सांगायचं नाही."

"आणि विचारलं तर?"

"तो पाय बघतो. पाय मी नीट दाखवीन."

"पण विचारलंच तर, आजी?"

आजीनं फ्रिजचं दार लावलं. दार दोनदा लावावं लागलं. "नाही विचारणार," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर ती वेइवेइला घेऊन नदीकाठच्या बागेत गेली आणि एका जाड बुंध्याच्या झाडामागे उभी राहिली. शिकायला नाही, फक्त ते वळणं बघायला. तेंग मास्तर बारा जणांच्या रांगेपुढे संथ चालले होते. ते वळण्यापाशी आले, आणि थांबले. "बुटांच्या नाड्या बांधा," ते म्हणाले. बाराही जण वाकले.

तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशीही. आजी खुशीत आली. "बघितलंस? म्हणजे त्या वळण्यात नक्कीच काहीतरी आहे!"

पाचव्या दिवशी मास्तर सरळ झाडामागे आले. तेंग मास्तरांनी जन्मभर शहर बस चालवलेली. पाठीमागे काय चाललंय ते त्यांना वळून बघावं लागत नसे.

"कोणी पाठवलं तुम्हाला, बाई? दक्षिण दरवाजावाल्यांनी?"

"कोण दक्षिण दरवाजावाले?"

"जसं काही माहीतच नाही! बागेच्या त्या टोकाला शिकवतात ते. गेल्या वर्षी माझी सगळी हालचाल चोरून फोनवर काढली, आणि खाली नाव स्वतःचं. दाखवा तुमचा फोन."

"का म्हणून दाखवू? पोलीस आहात? आणि तुम्ही कोण हो मोठे? मी दिसले की तुमच्या बारा जणांच्या नाड्या एकदम कशा सुटतात?"

रांगेतली, हातात लाल पंखा घेतलेली बाई खुदकन हसली. "खरं आहे, मास्तर. माझ्या बुटांना तर नाड्याच नाहीत."

"तुम्ही गप्प बसा."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. दोन दुकानदार एकमेकांच्या तराजूकडे बघतात तसे. शेवटी वेइवेइच म्हणाली, "आजीला वळून टाच मारणं जमत नाही. फोनमधल्या आजोबांनी ते लपवलंय. पाठ करून. तुम्ही पण लपवता का?"

मास्तरांच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली. "बाळ, पाठ फिरवल्याशिवाय माणूस वळणार कसा?"

रांग हसली. आजी हसली नाही.

"करून दाखवा," मास्तर म्हणाले. "सुरुवातीपासून करा. आम्ही फोन काढत नाही, घाबरू नका."

आजीनं वेइवेइचं दप्तर खाली ठेवलं आणि सुरू केलं. चार हालचाली झाल्या नसतील, लाल पंख्यावाली म्हणाली, "अगं बाई! ही तर आरशातून बाहेर आलेली आहे!"

"काय झालं?" आजी थबकली.

"तुम्ही सगळं उलटं करताय," मास्तर म्हणाले. "तो तुमच्याकडे तोंड करून उभा असतो ना? त्याचा उजवा हात तुमच्या डाव्या बाजूला. तो उजवा उचलतो, तुम्ही डावा उचलता. पहिल्यापासून शेवटपर्यंत. बरं, ते राहू दे. त्यानं जीव जात नाही. आता डावा पाय उचला. नुसता."

आजीनं उचलला. लगेच डगमगली आणि टेकवला.

"आधी सगळं वजन उजव्यावर द्या."

"दिलंय की."

"अर्धं दिलंय. अर्धं ठेवलंय डाव्यावर, वेळ आली तर पळायला. दोन्ही पायांवर सारखं उभं राहिलेल्या माणसाला वळता येत नाही, बाई. स्वतःला ओढावं लागतं."

"अठ्ठावीस वर्षं दोन पायांवर उभी राहिले मी!"

"तेच दिसतंय." मग मास्तरांनी आपला हात कोपरात वाकवून पुढे धरला. "माझ्या मनगटाला मनगट लावा."

"कशाला?"

"फोनमधला माणूस एवढं एक देऊ शकत नाही."

"ढकलाल."

"ढकलणारच. त्याशिवाय तुम्हाला कळणार कसं की आपण कुठे उभे आहोत?"

"आणि घेणार काय?"

"काही नाही. फोन घरी ठेवून या, म्हणजे झालं."

आजीनं दप्तर उचललं, नातीचा हात धरला आणि तडक चालू लागली. वाटेत म्हणाली, "काही घेत नाही म्हणतो! जो पुढच्या दारानं फुकट देतो, तो मागच्या दारानं दुप्पट घेतो. आणि म्हणे उलटं! दोन महिने मी उलटं करतेय आणि मला कळलं नाही होय?"

संध्याकाळी वेइवेइनं एक गंमत केली. फोन कपाटाच्या आरशासमोर, आरशाकडे तोंड करून ठेवला. "आजी, फोनकडे नको बघूस. आरशात बघ, आणि रोजच्यासारखं कर."

आजी आरशासमोर उभी राहिली. आरशातल्या म्हाताऱ्यानं हात उचलला. आजीनंही उचलला, आणि मधेच थांबली. रोजचा सोडून तिचा दुसराच हात उचलला गेला होता. मग तिनं फोन उचलला, आरशात बघितलं, फोनमध्ये बघितलं, पुन्हा आरशात. असं बराच वेळ चाललं. गिरणीत एखादा दोष आपल्याच हातून सुटल्याचं कळे, तेव्हा ती अशीच न बोलता उभी राहत असे, असं तिच्या जुन्या मैत्रिणी सांगत.

"वेइवेइ," ती अखेर म्हणाली, "तो बसवाला एका बाबतीत खरं बोलला." जरा थांबून म्हणाली, "एकाच."

दुसऱ्या सकाळी तिनं फोन घरी ठेवला.

पहिले पंधरा दिवस तिनं मास्तरांचं मनगट असं पकडलं, जसं गर्दीत पाकीट पकडतात. ते ढकलत, ती अडवत असे, आणि अडवता अडवता मागे धडपडत असे. दोन वेळा लाल पंख्यावालीनं मागून झेलली. "अडवू नका," मास्तर म्हणत. "जाऊ द्या मला. सगळं वजन एका पायावर सोडून बसा आणि मला वाट द्या."

"वाट दिली की तुम्ही आत शिरणार."

"शिरू द्या ना! आत काय ठेवलंय तुम्ही? सोनं?"

"तुमचंही काही कमी नाही. श्वास धरायचा तो तुमचा छुपा तिसरा दम अजून मला दाखवला नाहीत. नक्की राखून ठेवलाय."

"बाई, माझं वय चौऱ्याहत्तर. मला दुसराच दम पुरत नाही."

लोक म्हणायचे, त्यांच्या व्यायामापेक्षा भांडणच जास्त ऐकू येतं. वेइवेइ बाकावर बसून गृहपाठ करायची आणि बघायची. संध्याकाळी घरी ती आजीला खोटं खोटं तसंच ढकलून बघायची. मेच्या शेवटी एका सकाळी मास्तरांनी ढकललं, आणि आजीनं अडवलं नाही. ती सावकाश मागच्या पायावर बसली, कंबर जराशी वळली, आणि तेंग मास्तर तिच्या बाजूनं दोन पावलं पुढे निघून गेले. आजी होती तिथेच होती. तिला स्वतःलाच ते खरं वाटेना. तिनं खाली बघून घेतलं, पाय दोन्ही आहेत ना म्हणून.

"कोणता होता?" मास्तरांनी विचारलं.

"काय कोणता?"

"पाय."

"डावा," आजी म्हणाली. आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिनं त्यांना "मास्तर" म्हटलं. तेही घाईघाईनं, कुणी ऐकू नये असं.

सणाच्या आदल्या दिवशी दुपारी योंगछांग आला. हडकला होता. आल्या आल्या आईच्या पायांकडे बघितलं, मग जिन्याकडे, मग कठड्याकडे. जेवताना सारखं विचारत होता. भाजी कोण आणतं, रात्री दिवा चालू ठेवता का, न्हाणीघरात चटई का नाही. आजी नीट उत्तरं देत होती. जरा जास्तच नीट.

जेवण झाल्यावर आजी स्वयंपाकघरात गेली. सणाचा चिकट भात पानांत बांधायचा होता, लाल बोरं भिजवलेली होती. योंगछांगनं पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. वेइवेइला वाचता येत होतं. वर शाळेचं नाव, त्याखाली तिचं स्वतःचं, बाबांच्या अक्षरात, नीटनेटकं लिहिलेलं. खाली सहीची जागा तेवढी कोरी.

"तू आधीच लिहून आणलंस," ती म्हणाली.

"सही नाही केली अजून." त्यानं तिला जवळ ओढलं आणि आवाज खाली केला. "वेइवेइ, खरं सांग. आजी सांगणार नाही, म्हणून तुला विचारतो. जिन्यावरनं पडल्यानंतर ती पुन्हा पडली का?"

स्वयंपाकघरात पानं कुरकुरण्याचा आवाज येत होता. तो थांबला.

आता तुम्ही त्या जागी उभे आहात. आजीनं सांगितलं होतं, नाही विचारणार. आणि त्यानं विचारलंय. नाही म्हटलंत तर कागद पिशवीत परत जाईल. बाबांचे डोळे मात्र तुमच्या चेहऱ्यावर आहेत, आणि ते डोळे आजीचेच आहेत.

"हो," वेइवेइ म्हणाली. "एकदा. एप्रिलमध्ये. स्वयंपाकघरात."

योंगछांगनं डोळे मिटले आणि उघडले. "आणि तू मला सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नव्हतंस. तू फक्त पाय दाखव म्हणायचास."

आजी दारातून आत आली. हात कोपरापर्यंत ओले, बोटांना तांदळाचे दाणे. तिनं नातीकडे बघितलं. वेइवेइला वाटलं, आता रागावेल. आजी रागावली नाही.

"पडले होते," ती मुलाला म्हणाली. "डाव्या कुशीवर. हिनं उठवलं मला. मीच म्हटलं होतं सांगू नको. पोरीला बोलू नकोस."

"मग मी काय करू आई, तूच सांग. तिकडे रात्रपाळीला उभा असतो, फोन वाजला की छातीत धस्स होतं. तू म्हणतेस बरी आहे, आणि मला खरं वाटत नाही. तुझं कधीच खरं वाटत नाही."

"नसेल वाटत," आजी म्हणाली. "मलाही कुणाचं वाटत नाही."

त्यानं खिशातून पेन काढलं. टोपण काढलं. कागद जरा सरळ केला.  बोटांवरचा एक दाणा काढून आजीनं दुसऱ्या बोटाला लावला, एवढंच.

तेव्हा वेइवेइ बाबांपासून बाजूला झाली. ती खोलीच्या मध्यावर गेली, आजीसमोर उभी राहिली आणि उजवं पाऊल पुढे टाकलं.

"आत्ता?" आजी म्हणाली. "हात ओले आहेत माझे."

"आत्ता."

आणि तिनं आजीला ढकललं. हळू नाही, खोटं खोटं नाही. नऊ वर्षांच्या मुलीत जेवढा जोर असतो तेवढा सगळा लावून, दोन्ही तळवे आजीच्या छातीखाली टेकवून ढकललं.

"वेइवेइ!" योंगछांग ओरडला. खुर्ची मागे सरकली. पेन टेबलावरून घरंगळून खाली पडलं.

आजी डाव्या पायावर बसली. सगळीच्या सगळी बसली, मागे काही न ठेवता. कंबर वळली, आणि वेइवेइ तिच्या कुशीवरून घसरून पुढे गेली, तीन पावलं धडपडली आणि कपाटाला जाऊन धडकली. आजीचा उजवा पाय फरशीपासून वीतभर वर होता. ओले हात तिनं दोन्ही बाजूंना धरले होते, पाणी कागदावर पडू नये म्हणून लांब. ती तशीच राहिली. मग तिला वाटलं तेव्हा तिनं पाय खाली ठेवला.

योंगछांग अर्धा उठलेला होता, झेलायला हात पुढे करून. झेलायला कुणीच नव्हतं. त्यानं आईच्या डाव्या गुडघ्याकडे बघितलं, बराच वेळ, बारकाईनं. मग तो हळूहळू परत खाली बसला.

कपाटापाशी वेइवेइनं आपटलेलं कोपर चोळलं. चपला काढून भिंतीशी नीट ठेवल्या. परत येऊन आजीसमोर उभी राहिली, एक दीर्घ श्वास घेतला, आणि पुन्हा ढकललं. या वेळी पळत येऊन.